दुसरी सही

पिंगुळी, ता. कुडाळ
आषाढ

चि. बाय हिस आत्येआजीचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा इकडे लाईट गेली होती आणि पाऊस कौलांवर असा काही बडवत होता, की तुझं निम्मं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. पोचलं ते एवढं: पुण्यात तू एका मुलाला पाच महिने भेटते आहेस, मुलगा चांगला आहे, "पण आजी, आम्ही अजून एक्सक्लुझिव्ह नाही." तो शब्द मी तुझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. आधी मला वाटलं, तो कुठल्या तरी शोरूममध्ये कामाला आहे. मग तू फोड करून सांगितलंस. ते ॲप अजून त्याच्याही फोनात आहे, तुझ्याही. मनात आलं तर तो उद्या दुसऱ्या कोणाबरोबर कॉफी प्यायला जाईल, तूही जाशील, आणि कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, कारण "आता आपण दोघंच" असं दोघांपैकी एकानेही म्हटलेलं नाही. ते कधी म्हणायचं, हा तुझा प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रेंजही गेली.

म्हणून पत्र. तसंही हे फोनवर बोलण्यातलं नाही. मी खळ्यात बसून मोठ्याने बोलले असते, तर समोरच्या घरातल्या तुझ्या काकीने दुसऱ्या दिवशी कुडाळच्या बाजारात मला त्यावर सल्ला दिला असता.

आईला सोडून तू मला का विचारलंस ते समजतं. तिने पहिल्या वाक्यालाच मुलाचं आडनाव विचारलं असतं. मीही विचारणार आहे, पण शेवटी.

तुम्हा मुलांना वाटतं, एकाच वेळी दोन-चार जणांना बघायचं आणि मग एकावर थांबायचं, हे तुम्ही नव्याने शोधून काढलंत. अगो, आमच्या वेळी घरोघरी तेच चालायचं. फरक इतकाच, की भेटायला मुलगी जात नसे, मामा जायचा. माझी पत्रिका एकाच महिन्यात सावंतवाडीत, मालवणात आणि परळच्या एका चाळीत फिरत होती. त्या प्रत्येक घरात माझ्यासारख्या आणखी पाच-सहा पत्रिका देव्हाऱ्यापाशी पडलेल्या असणार, हे माझ्या वडलांना ठाऊक होतं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. याला 'बघणं चालू आहे' असं म्हणायचे. बघणं चालू असेपर्यंत कोणी कोणाचं देणं लागत नाही. मात्र एकदा सुपारी फुटली की बघणं बंद. त्यानंतर दुसऱ्या पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी ठेवली, तर त्या घराचं नाव पंचक्रोशीत खराब व्हायचं.

म्हणजे तुमची ती घडी आमच्याकडेही होती, आणि तिला आवाज होता. दोन्हीकडची पाच-पाच माणसं खळ्यात बसलेली, मध्ये पाट, आणि सुपारी फुटल्याचा तो खट्ट आवाज. दुसऱ्या दिवशी वाडीत साखर. लग्न कधी सहा महिन्यांनी व्हायचं, कधी वर्षाने, क्वचित मोडायचंही. पण बघणं कुठल्या दिवशी थांबलं याबद्दल कोणाच्या मनात शंका नसायची. तुमच्याकडे बघणं शिल्लक राहिलंय, सुपारी हरवली आहे. आणि मामाही हरवला आहे, म्हणजे आता ती तुलाच फोडावी लागणार.

खोडीही जुन्याच आहेत. "कळयतंव हां" असं म्हणून, लाडू खाऊन, चहा पिऊन गेलेली आणि नंतर कधीच न कळवणारी मंडळी मी डझनाने पाहिली आहेत. तुम्ही त्याला काहीतरी भुताचं नाव दिलंय म्हणे. 'पत्रिका जुळत नाही' हा त्यातल्या त्यात सभ्य नकार होता. बहुतेक वेळा पत्रिका उघडूनसुद्धा बघितलेली नसे. सगळ्यात वाईट समजलं जायचं ते स्थळ अडवून ठेवणं. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि याहून बरं काही येतंय का याची वाट बघत मुलीला टांगून ठेवायचं. माझी आई अशा घरचं पाणी पीत नसे.

आता माझं सांगते. हे तुझ्या बापाला माहीत नाही, आणि कळलं तरी आता काही बिघडत नाही.

१९७६ साली मी बावीस वर्षांची होते आणि कुडाळात एका वकिलांकडे नुकती टायपिंगला लागले होते. आमच्याच वाडीतला एक मुलगा मुंबईला गिरणीत होता. चतुर्थीला यायचा, शिमग्याला यायचा. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पुरी व्हायला १९९८ उजाडलं. एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून यायचा आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर हजर. मधल्या महिन्यांत निळी आंतर्देशीय पत्रं. त्यात प्रेमाचा शब्द औषधालाही नसायचा. गाववाल्यांच्या खोलीत किती जण झोपतात, पाळी कुठली आहे, सिनेमा कुठला बघितला. मी ते पत्र दहा-दहा वेळा वाचायची आणि त्यात जे नव्हतं तेही वाचायची.

असं तीन वर्षं चाललं. त्या तीन वर्षांत मला दोन स्थळं सांगून आली. एक कोर्टातल्या नाझराचं होतं, चांगलं होतं. दोन्ही मी काहीतरी खुसपट काढून मोडली. त्याला सांगितलं नाही. त्याला कळतच असणार, असं मी धरून चालले होते. एकदा तर गुरवाला 'नोकरीचं काम आहे' अशी थाप मारून देवळात कौलही लावला. उजवा मिळाला. देवाला विचारलं, ज्याला विचारायचं त्याला विचारलं नाही.

१९७९ च्या चतुर्थीला त्याची आई साखर घेऊन आमच्या खळ्यात आली. मुलाचं ठरलं होतं. मुलगी मूळ मालवणकडची, पण मुंबईतच वाढलेली. मी साखर तोंडात टाकली, बरं झालं म्हटलं, तिच्यासाठी चहा टाकला. रात्री आरत्या चालू असताना त्याला मागच्या पडवीत गाठला. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "मी तुका कधी काय सांगितलंय काय?"

आणि बाय, सांगितलं नव्हतंच. हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली. त्याने मला फसवलं नव्हतं. एकाच करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या मीच करून बसले होते. त्या दोन स्थळांचा नकार माझ्या हिशेबात त्याच्या नावावर जमा होता आणि त्याच्या वहीत ते खातंच उघडलेलं नव्हतं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तोही पुष्कळांसारखा गावी परतला, त्याने कलमं लावली. अजून भेटतो, पावसापाण्याचं बोलतो. वाईट माणूस नाही. त्या रात्री मात्र मी त्याला तळतळाट दिला होता, तो मी मागाहून परत घेतला.

तुझ्या आजोबांची गोष्ट १९८१ ची. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि कचेऱ्यांत नुसती धावपळ होती. हे मोजणी खात्यात. हद्दीच्या भांडणांचे कागद घेऊन आमच्या ऑफिसात यायचे, चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. दोन-तीन महिने झाले असतील. एके संध्याकाळी कुडाळच्या स्टँडवर मी पिंगुळीकडे येणाऱ्या गाडीची वाट बघत होते. हे आले, छत्री मिटली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझी तीन स्थळं बघून झाली. चौथं येत्या रविवारी आहे. तुमची माझ्याबद्दल इच्छा असेल, तर मी आजच त्यांना नको म्हणून कळवतो. नसेल तर तसं सांगा, मी रविवारी जाईन, आणि आपला चहा चालूच राहील."

मी म्हटलं, आठ दिवस द्या. "रविवार पाच दिवसांवर आहे," हे म्हणाले. मोजणीवाला माणूस.

त्यांचं बोलणं मी नंतर कितीदा तरी मनात उलगडून बघितलं आहे. आपण काय करायला तयार आहोत ते त्यांनी आधी सांगितलं आणि मगच माझं विचारलं. नाही म्हणायची वाट माझ्यासाठी मोकळी ठेवली, तीही चहासकट. आणि प्रश्नाला दिवस घालून दिला. प्रेम हा शब्द त्यांनी काढला नाही. त्यांनी तो पुढेही फारसा काढला नाही, त्याबद्दल माझी तक्रार होती आणि आहे, पण तो निराळा विषय झाला.

शुक्रवारी मी हो म्हटलं. लग्न व्हायला त्यानंतर चौदा महिने लागले. पत्रिका जुळत नव्हती, घराण्यांचं जुनं काहीतरी होतं, माझे वडील हट्टाला पेटले होते. त्या चौदा महिन्यांत आम्ही एकमेकांचे कोण होतो? वाडीतल्या बायका "तेंचा जमला आसा" म्हणायच्या. कायद्याने कोणीच नव्हतो. पण स्टँडवर ठरलेलं दोघांनाही नेमकं ठाऊक होतं, आणि मला रात्री झोप लागायची. तू जे विचारते आहेस ते हेच ना? लग्नाचं वचन त्यात अजून येत नाही. बघणं थांबलं आहे, इतकंच ठरतं.

बेचाळीस वर्षं कायद्याचे कागद टाइप केल्यामुळे मला एक खोड लागली आहे: कुठलाही नियम बघितला की तो कुठल्या साली आला ते आधी बघायचं. एकाला एकच, हा नियम लग्न झालेल्यांनाही फार जुना नाही. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आली ती १९४६ साली. त्या कायद्यावर भांडणं झाली. १९५१ मध्ये छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींनी मुंबई उच्च न्यायालयात तो कायम केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर झाला. माझ्या आजीच्या पिढीत 'सवत' हे नणंद-जाऊ यांच्यासारखं रोजच्या वापरातलं नातं होतं. तुला तो शब्द मालिकेतून माहीत. पण हा सगळा कायदा लग्नाच्या दारापासून आत. दाराबाहेर, ओट्यावर, तो पाऊल टाकत नाही. तिथे दोघांनी तोंडाने जे म्हटलं असेल तेवढंच.

कोर्ट तर विधीच्या बाबतीत फार कडक. १९६५ मध्ये महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पहिली बायको असताना एकाने गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न लावलं होतं. न्यायालय म्हणालं, आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध होत नाही, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते लग्नच नव्हे, मग द्विभार्येचा गुन्हा तरी कुठला? त्या निकालाचा हवाला मी कितीतरी अर्जांत टाइप केला, आणि दर वेळी मला ती मागची पडवी आठवायची.

याहून जवळचा दाखला बांद्यापलीकडचा. आपल्याकडच्या कितीतरी मुली पेडण्यात, म्हापशात दिल्या आहेत. गोव्यात लग्नाची सरकारी नोंद दोन टप्प्यांत होते. दोघं आधी रजिस्ट्रारपुढे जाऊन आम्ही लग्न करू इच्छितो असं नोंदवतात. लोक याला पहिली सही म्हणतात. मग नोटीस लागते, कोणाची हरकत आहे का ते बघतात, आणि मुदत संपल्यावर पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. लग्न नोंदलं जातं ते या दुसऱ्या सहीने. होतं काय, पहिल्या सहीनंतर मांडव पडतो, अक्षता पडतात, जेवणावळी उठतात आणि दुसरी सही राहून जाते. संसार चालू. मग एक दिवस पासपोर्टासाठी किंवा जमिनीच्या वाटणीसाठी दाखला काढायला जातात आणि कळतं, कागदावर आपलं लग्न झालेलंच नाही. आमच्या ऑफिसात अशी एक बाई आली होती. मुलगा शाळेत जात होता तिचा. "पण सही केली होती ना आम्ही," हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तुमच्या पाच महिन्यांत पहिली सही झाली आहे. भेटता, रोज बोलता, त्याला तुझा चहा कसा लागतो ते माहीत आहे, तू आजारी असताना तो औषध घेऊन आला हे तूच सांगितलंस. त्यावरून तू मांडव घातला आहेस. घातला नसतास तर परवा तो अजून ॲपवर दिसला म्हणून रडू आलं नसतं. (तेवढं मला पावसातही ऐकू आलं हो.)

मग दुसरी कधी? इथे मी तुला महिने सांगणार नाही. पिंगुळीत राहून मी चित्रांकडे जाणार.

लहान होतीस तेव्हा तुला गुढीपुरात नेलं होतं, आठवतं? आपल्या ठाकर समाजाची चित्रकथी. सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारतातली आख्यानं, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. वीणा, टाळ, हुडूक घेऊन एकेक चित्र पुढे धरायचं आणि त्यावरची कथा गाऊन सांगायची. सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेला आश्रय होता. परशुराम गंगावण्यांनी आपल्या गोठ्यातच त्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अख्ख्या पिंगुळीची मान वर झाली होती. तिथे तू चित्रांपेक्षा चामड्याच्या बाहुल्यांना चिकटून बसली होतीस. पडद्यामागे दिवा, मध्ये बाहुली, आणि पडद्यावर तिची सावली. "सावली खरी का बाहुली खरी?" असं विचारून तू त्या बिचाऱ्या कलाकाराला भंडावलं होतंस.

सावलीवरून मला दमयंती आठवते. वनपर्वातली. तिने नळाला मनाने वरलं होतं, पण इंद्र, अग्नी, वरुण आणि यम या चौघांनाही ती हवी होती, आणि त्यांनी आपला निरोप्या म्हणून नळालाच तिच्याकडे धाडलं. नळाने निरोप इमानाने पोचवला. त्यावर ती काय करते बघ. गप्प बसून त्याला कळतच असेल असं धरून चालत नाही. त्याच्या तोंडावर सांगते, की तू देवांबरोबर स्वयंवराला ये, मी त्यांच्यादेखत तुलाच माळ घालीन, दोष तुझ्याकडे येणार नाही. मंडपात बघते तो एकासारखे एक पाच नळ. मग ती सत्याची शपथ घालते आणि देव आपली लक्षणं उघडी करतात. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातले हार टवटवीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याला घाम आला आहे, अंगावर धूळ आहे, हार कोमेजला आहे आणि त्याची सावली पडली आहे. ती त्याच्या गळ्यात माळ घालते.

तुझ्या त्या ॲपवर सगळे देवच असतात. घाम नाही, धूळ नाही, कोणी डोंगरावर उभा, कोणी कुत्र्याचं पिल्लू घेतलेला. पाच महिन्यांत तू या मुलाचा हार कोमेजलेला बघितलास का? घरून आईचा फोन आल्यावर तो कसा बोलतो, बढती हुकली त्या आठवड्यात कसा वागला, रिक्षावाल्याशी पैशांवरून वाजलं तेव्हा आवाज कुठवर चढला, आणि तू कशाला तरी नाही म्हटलंस तेव्हा त्याचा चेहरा किती वेळ तसाच राहिला? हे बघून झालं असेल आणि तरी माळ त्याच्याकडेच वळत असेल, तर वेळ झाली आहे. बघितलं नसेल तर आणखी थोडं थांब, पावसाळा अख्खा पडला आहे. त्यानेही तुला तशी बघायला हवी. तुलाही घाम येतो, आणि तुझा राग तर तुझ्या पणजीचा आहे.

दमयंतीने माणूस नीट ओळखला, तरी पुढे त्याच नळाने तिला रानात झोपलेली टाकून दिलं, हे मी लपवत नाही. निवड बरोबर असली म्हणजे पुढचं सगळं बरोबर होतं, असं कुठल्याही आख्यानात लिहिलेलं नाही.

फार लांबवायचंही नसतं. आत्ता समोरच्या कुणग्यात तरवा काढणं चाललंय. कोवळा तरवा लावला तर पहिल्या जोराच्या पावसाने आडवा होतो. पण उद्या-परवा करत तसाच ठेवला, तर म्हातारा होतो, मग कितीही चिखल केला तरी त्याला फुटवे येत नाहीत. नातं तसंच ठेवून ठेवून म्हातारं झालेली एक-दोन जोडपी तुझ्याच ऑफिसात असतील, बघ.

विचारायचं ठरलं की निघताना, कॅबचं दार उघडता-उघडता विचारू नकोस. मेसेजवर तर नकोच. बसून, पोटात काहीतरी असताना, आधी आपलं सांग: मी बघणं थांबवलंय. मग त्याला विचार. तो "बघू" म्हणाला तर रागावू नकोस, सगळ्यांची मोजणी एका दिवसात होत नाही. पण मग तुझंही बघणं चालू राहील, हे त्याला हसून सांग, आणि खरंच चालू ठेव. मनातल्या मनात त्याच्यासाठी नाझराची स्थळं मोडत बसू नकोस. तो नाही म्हणाला तर घरी ये, मी घावणे करते.

एक गोष्ट मात्र 'बघू'वर सोडायची नाही. शरीराचं. तुम्ही जवळ आला असाल, किंवा येणार असाल, आणि त्याचं दुसरीकडेही चालू असण्याची शक्यता असेल, तर ते जाणून घेणं हा तुझ्या तब्येतीचा प्रश्न आहे, त्यात संकोच कसला? दोघांनी रक्त तपासून घ्या. सरकारी रुग्णालयांत एकात्मिक सल्ला व चाचणी केंद्र असतं, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. आणि काळजी घ्यायची ती घ्यायचीच. मी हे लिहिते म्हणून डोळे मोठे करू नकोस. वकिलाच्या ऑफिसात माणसं जे सांगतात, ते डॉक्टरलाही सांगत नाहीत.

याच्या उलट टोकाचीही माणसं असतात. तिसऱ्या भेटीत "आता तू फक्त माझी" म्हणणारी, फोनचा पासवर्ड मागणारी, मित्रांची नावं खोडायला लावणारी. तुला तसा कोणी भेटला तर चप्पल घाल आणि नीघ. ते एकमेकांचं होणं नव्हे, तो फेरफार आहे. त्याला तुझ्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायचं आहे. तुझे आजोबा म्हणायचे, कोकणात एकट्याच्या नावाचा सातबारा सापडणं म्हणजे कासवाला केस सापडणं. चुलते, पुतणे, मुंबईतले, मेलेले, सगळे त्यावर असतात. आणि नाव एकट्याचं असलं तरी 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतोच. तुझ्या मैत्रिणी, तुझी नोकरी, आईचे रात्रीचे फोन, माझी ही पत्रं, सगळं त्या रकान्यात. तो रकाना कोरा करायला सांगणाऱ्याशी सही करायची नाही.

हे असते तर त्यांनी हे सगळं चार ओळींत लिहिलं असतं आणि खाली नकाशा काढला असता.

चतुर्थीला येते आहेस ना? गाडीचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि पाच मिनिटांत वेटिंगवर जातं, म्हणजे तुझ्याकडे फार दिवस नाहीत. त्याला आणायचं असेल तर आधी त्याच्याशी बोलून मग आण. न बोलता इथे घेऊन आलीस, तर तुम्ही खळ्यात पाय धुवेपर्यंत वाडी तुमचं लग्न लावून मोकळी होईल. एकटी आलीस तरी तुझी खोली झाडून ठेवते. मोदकांना तांदूळ दळून आणायचे आहेत, किती ते तुझ्या उत्तरावर.

आणि दोन तिकिटं काढणार असशील, तर दुसऱ्यावर पूर्ण नाव घालावं लागतं. आडनाव काय घालणार आहेस, ते मला आधी कळव.

तुझी,
आत्येआजी